उभ्याने चहा

"गवताकडे बघू नकोस. गवताखाली काय आहे ते बघ," आप्पा म्हणाले आणि मी उघडलेलं तोंड परत मिटलं.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होतं. मी "आप्पा, एक बोलायचं होतं" एवढं म्हणायची, की आप्पांना वाटेत काहीतरी शिकवण्यासारखं दिसायचं. पहिल्यांदा सुट्या मुरमाचा घसारा दिसला. दुसऱ्यांदा कारवीची वाळकी काठी, जी आधाराला धरायची नसते. आता गवत. माघाचा शेवटचा रविवार होता आणि खुटाऱ्याच्या अंगावरचं सगळं गवत पिवळं पडून उताराच्या दिशेने आडवं झालं होतं, तेल लावून भांग पाडलेल्या डोक्यासारखं. लोक पावसाळ्यात डोंगराला घाबरतात. खरं म्हणजे घाबरायचं ते माघात. चिखलात पाय निदान रुततो तरी. या गवतावर तो थांबतच नाही, आणि गवत संपलं की सुटा मुरूम सुरू होतो.

खुटारा हा भोरपासून एसटीने पाऊण तासावरचा डोंगर. उंची फार नाही, खालच्या वाडीपासून जेमतेम तेराशे फूट. नकाशात त्याला नाव नाही, नुसता आकडा आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना आकडा पुरेसा वाटायचा. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी 'रविवार मंडळ' काढलं आणि तेव्हापासून दर माघात ते माणसं घेऊन हा डोंगर चढत होते. पुढारपणाला आमच्यात 'लीड' म्हणायचे. लीडने चढताना सगळ्यांच्या पुढे राहायचं आणि उतरताना सगळ्यांच्या मागे. बत्तीस वर्षं लीड आप्पांकडेच होती.

मला जे बोलायचं होतं ते असं : आप्पा, आता पुरे. पुढच्या वर्षीपासून लीड मी घेते.

हे बोलण्याचं काम मंडळाचे सेक्रेटरी दिनकरकाका शेडगे यांनी महिन्यापूर्वी माझ्यावर सोपवलं होतं. त्यांचं सायकलचं दुकान होतं. एका वाकड्या चाकाचा आउट काढता काढता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले होते, "वृंदा, तूच सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं. आणि डोंगर उतरून चहा प्यायच्या आत सांग. पुढच्या वर्षीची लीड चहाच्या वेळी जाहीर करायची असते, एकदा जाहीर झाली की संपलं."

कारण असं होतं, की गेल्या वर्षी आप्पा डोंगरावर एक माणूस विसरले होते.

कुवळेकर सर. गणिताचे शिक्षक. माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्यामागे सावलीत त्यांना झोप लागली आणि आप्पांनी मोजताना नऊच्या जागी नऊच मोजले. म्हणजे एक कोणीतरी दोनदा मोजला गेला. तो कोण, हे अजून कळलेलं नाही. सर पाच वाजता एकटेच उतरून आले. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती, झोप चांगली झाली म्हणाले. त्यांच्या पत्नीचं मत वेगळं होतं. त्यात आप्पांचा उजवा गुडघा. घरचा जिना उतरताना ते एका पायरीवर दोन्ही पाय टेकवू लागले होते आणि कोणी बघतंय असं वाटलं की जिन्यावरच उभं राहून खिडकीतून बाहेर बघायचे.

खरं सांगायचं तर मला लीड हवी होती. सातव्या वर्षापासून मी हा डोंगर चढत होते, आता एकतीस पूर्ण झाली होती आणि तिथला दगड न् दगड मला माहीत होता. हवी होती, म्हणूनच बोलता येत नव्हतं. नको असती तर महिन्यापूर्वीच, भाजी निवडता निवडता बोलून मोकळी झाले असते.

"बोल, काय म्हणत होतीस?" आप्पांनी वळून विचारलं.

"काही नाही. गवत निसरडं आहे."

"तेच सांगतोय," आप्पा म्हणाले.

मागून कुवळेकर सर ओरडले, "मी आहे!" गेल्या वर्षीपासून ते दर दहा मिनिटांनी असं कळवायचे. त्यांच्या पत्नीशी तसं ठरलं होतं.

आम्ही नऊच्या नऊ जण पांढऱ्या पॅन्टमध्ये होतो. याचं कारण सांगायला हवं. खुटाऱ्याचा मुरूम लाल आहे आणि मंडळाचा मुख्य नियम असा, की उतरताना बूड टेकायचं नाही. घसारा आला की नवखा माणूस खाली बसतो आणि लहान मुलासारखा सरपटत उतरतो. आप्पांच्या मते ते उतरणं नव्हे, सामान सोडणं. म्हणून खाली ठकूबाईच्या चहाच्या छपरीत पोचल्यावर सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं, सेक्रेटरींनी एकेकाचं बूड बघायचं आणि ज्याच्या पॅन्टला माती असेल त्याने चहा उभ्याने प्यायचा. त्याला बाकावर जागा नाही. बसायचं ते वर बसून झालं. पहिल्या वर्षी सगळे खाकी पॅन्ट घालून आले आणि काही दिसेना, तेव्हा आप्पांनी पांढरी सक्तीची केली. मग एका डॉक्टरांनी कमरेला टॉवेल गुंडाळला, तेव्हा कमरेला काहीही गुंडाळायला बंदी आली. असे एकूण अकरा नियम होते, त्यातले पाच-सहा वापरात होते. बाकीचे आप्पांनी कशासाठी करून ठेवलेत ते कुणी विचारलं नव्हतं. वाडीतल्या लोकांना मात्र आम्ही बरीच वर्षं सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर वाटायचो. एकदा एकाने आप्पांना जीभ काढून दाखवली होती.

आप्पांचं बूड बत्तीस वर्षांत एकदाही टेकलेलं नव्हतं.

साडेनऊला आम्ही माथ्यावर पोचलो. वर वारा होता आणि स्वेटर काढावा की राहू द्यावा असं ते ऊन होतं. टाक्यातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. लांब खालच्या उतारावर दोन पळस फुललेले दिसत होते, बाकी सगळं पिवळं. डब्यातली थालीपीठं खाऊन झाली. घाणेकरांनी, हे पोस्टात होते, सगळ्यांना चिकूची एकेक फोड दिली. दिनकरकाका माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

मी उठून आप्पांजवळ गेले. ते टाक्याच्या काठावर उभे राहून माणसं मोजत होते. बोट न दाखवता, ओठ न हलवता.

"आप्पा, दिनकरकाका म्हणत होते—"

"दिनकर फार बोलतो," आप्पा म्हणाले. "नऊ. कुवळेकर धरून. तू मोज."

मी मोजले. "नऊ."

"परत मोज."

मी परत मोजले. नऊच होते. आप्पांनी मान डोलावली आणि मोठ्याने म्हणाले, "चला. दिनकर, आज तू सगळ्यांच्या पुढे उतर. वृंदा माझ्या पुढे राहील."

लीडच्या लगेच पुढे नेहमी दिनकरकाका असायचे. ते जरा दुखावल्यासारखे झाले, मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मला बोलायला एकांत मिळाला. मलाही तेच वाटलं.

एकांत मिळाला, पण बोलायला फट मिळेना. खिंडीच्या खाली घसाऱ्याची नळी लागते. दोनशे फूट उतार, दोन्हीकडे कारवी आणि मधे नुसता सुटा मुरूम. त्या नळीत पाऊल ठेवल्यापासून आप्पांनी माझी पाठ धरली.

"टाच आधी. टाच रोव. आता डावा. घाई नको. बसू नकोस."

"मी बसत नाहीये, आप्पा."

"बसायचा विचार आला होता तुझ्या मनात."

"नव्हता आला."

"पाठीवरून कळतं. गुडघा वाकव, कंबर नको. तिकडे नको, तिकडे गवत आहे. उजवीकडे दगड आहे त्याच्यावर. तो नाही, पुढचा."

मी एकतीस वर्षांची, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना अॅसिड हाताळायला शिकवणारी बाई. मला राग आला. इतकी वर्षं आप्पा उतरताना कोणाला फार बोलत नसत. तुमचं बूड, तुम्ही बघा, असा खाक्या होता. आज मात्र माझं एक पाऊल ते स्वतंत्र सोडेनात. मला वाटलं, आप्पा सोनटक्क्यांच्या पोरीचं बूड टेकलं तर यांची अब्रू जाईल, एवढीच काळजी आहे. महिनाभर ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागलाय त्यांना स्वतःच्या नियमांपलीकडे काही दिसत नाही.

रागात मी पुढचा पाय चुकीचा टाकला. दोन्ही पाय एकदम निघाले. मी मागे पडले, पण पोचले नाही. आप्पांनी माझ्या सॅकचा पट्टा धरला होता. माझं बूड मुरमापासून वीतभर वर, पाय पुढे पसरलेले आणि आप्पा मागे पाय रोवून उभे, दोन्ही हातांनी पट्टा ओढून. विहिरीतून बादली काढतात तसे.

"पाय घे खाली. एक. आता दुसरा. टेकू नकोस."

"आप्पा, सोडा, तुमचा गुडघा—"

"टेकू नकोस म्हणतो ना!"

ते आयुष्यात माझ्यावर इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. मी पाय जमवले आणि उभी राहिले. वळून बघितलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते उजवा पाय जरा उचलून धरून उभे होते.

"दुखावला का?"

"मागं वळ," ते म्हणाले. "माझ्याकडे नाही, पाठ माझ्याकडे कर." मी पाठ केली. "आहे स्वच्छ. चल."

नळी संपली. पुढे वाट सपाट होते, आंब्याच्या दोन झाडांखालून जाते आणि वळसा घेऊन वाडीत उतरते. पुढचे सगळे वळणापलीकडे गेले होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी ठरवलं, आता बोलायचं. आंबा येईपर्यंत वाक्य जुळवायचं आणि आंब्याखाली बोलून टाकायचं.

आंब्याखाली पोचले तेव्हा मागे धप्प असा आवाज झाला.

आप्पा बसलेले होते. पाय पसरून, दोन्ही हात बाजूला टेकून, लाल मातीत.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं बघितलं.

"मग बघ."

मी धावत गेले. त्यांना काखेत हात घालून उठवलं. फार वेळ लागला, गुडघा वाकेना. इतके हलके झालेत हे मला माहीत नव्हतं. उभे राहिल्यावर त्यांनी पॅन्टकडे हात नेला नाही, म्हणून मीच मागे गेले आणि झटकू लागले. वडिलांच्या बुडावर चापट्या मारायचा योग सगळ्यांच्या नशिबात नसतो. माती निघेना. मी बाटलीतलं उरलेलं पाणी रुमालावर ओतलं आणि चोळून पुसलं, पुन्हा पुसलं. लाल डागाचा गुलाबी झाला, गुलाबीचा जवळजवळ पांढरा.

"काय करतेस?" आप्पा म्हणाले.

"काही झालेलं नाही. कोणी बघितलं नाही. चालता चालता वाळेल."

"तू बघितलंस."

"मी कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. बत्तीस वर्षं, आप्पा. आजच कशाला? जे मी तोंडाने सांगायला भीत होते ते डोंगराने असं, सपाट वाटेवर, त्यांना सांगावं याचा मला भयंकर संताप आला. त्या क्षणी मला लीड नको होती. आप्पा पुढची दहा वर्षं माणसं विसरत राहिले असते तरी मला चाललं असतं.

आप्पांनी माझ्या हातातल्या ओल्या रुमालाकडे बघितलं. मग म्हणाले, "तू हो पुढे. वळणावरून हाक मार, सगळे पोचले का विचार. कुवळेकर आहेत का बघ. मी येतो."

मी वळणावर गेले. खालून उत्तर आलं, सात आहेत. कुवळेकर सरांनी स्वतंत्रपणे "मी आहे!" म्हणून सांगितलं. मी मागे वळून वाट बघितली. आप्पांना यायला जरा वेळच लागला. आले ते वाटेत उचललेली काठी टेकत, सावकाश.

ठकूबाईची छपरी म्हणजे चार मेढी, वर पत्रा आणि एक लांब बाक. बाकाच्या टोकाची जागा आप्पांची. आम्ही रांगेत पाठ करून उभे राहिलो आणि दिनकरकाका हात मागे बांधून, पोस्टमास्तरांनी पेट्या तपासाव्यात तसे, एकेकाला तपासत गेले. घाणेकर, माती. कुवळेकर सर, माती. सरांचं दर वर्षी व्हायचं, ते आपले आधीच मेढीला टेकून उभे होते. बाकीचे स्वच्छ. मी स्वच्छ.

"झालं तर," दिनकरकाका म्हणाले. आप्पांचं बघायची पद्धत नव्हती.

"दिनकर, मी राहिलोय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पाठ केली.

डाग ताटलीएवढा होता. लालभडक, कोरडा. मला माझ्या पुसण्याची लाज वाटली. एवढं चोळलं तरी कसं राहिलं?

ठकूबाईने स्टोव्हची हवा उगाचच कमी केली.

"धुरळा आहे हो तो, आप्पा," दिनकरकाका म्हणाले. "वारं सुटलंय ना वर."

"वारा खालून लागत नाही, दिनकर. नऊ नंबर वाच."

नियमांचा कागद दिनकरकाकांच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा. त्यांनी तो काढला, चष्मा लावला. "नऊ. लीडचे बूड टेकल्यास लीड त्या क्षणी संपेल. पुढील वर्षीची लीड, त्याच्या लगेच पुढे उतरलेल्या सभासदाकडे जाईल, मात्र..." ते थांबले. "मात्र सदर सभासदाचे बूड स्वच्छ असले पाहिजे."

आठ जणांनी माझ्याकडे बघितलं.

"वृंदा, पाठ कर," आप्पा म्हणाले.

मी दुसऱ्यांदा पाठ केली. पत्र्याच्या कडेला एक कोळ्याचं जाळं होतं, त्याच्याकडे बघत राहिले.

"स्वच्छ," दिनकरकाका म्हणाले. त्यांनी कागद परत पिशवीत घातला.

"कोणाची हरकत?" आप्पांनी विचारलं. "मुलगी माझी आहे म्हणून कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. नियम अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा ही तीन वर्षांची होती."

कोणाची हरकत नव्हती. घाणेकर टाळ्या वाजवणार होते, पण त्यांनी आजूबाजूला बघून हात खाली घेतले.

ठकूबाईने कप मांडले. "आप्पा, बसा की वो," ती म्हणाली. "न्हेमीची जागा रिकामी ठेवलीया."

"आज उभ्याने, ठकूबाई."

"पाय बगा की तुमचा, थरथरतोय. एक दिस बसलं तर काय डोंगर पळून जातोय?"

"उभ्याने," आप्पा म्हणाले. त्यांनी एका हाताने मेढ धरली, दुसऱ्या हातात कप घेतला आणि कुवळेकर सरांच्या शेजारी उभे राहिले. सर सरकून जरा जागा देत म्हणाले, "सवय होते हो." मी कप घेऊन त्यांच्याजवळ उभी राहायला गेले.

"तू बस," आप्पा हळूच म्हणाले. "लीड उभी राहिली तर लोकांना वाटतं काहीतरी बिनसलंय. तिथे टोकाला बस. तिथून सगळे दिसतात, मोजायला बरं पडतं."

मी टोकाला बसले. सगळे दिसत होते. मला रडू येत होतं आणि स्टोव्ह भरपूर धूर करत होता, त्यामुळे सोय झाली. मी मोजले. नऊ होते.

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. लीड अजून माझ्याकडे आहे आणि टोकाची जागाही. दर वर्षी मी आंब्याखालच्या त्या सपाट वाटेवरून सगळ्यांच्या मागे उतरते. तिथे कधी कोणी पडल्याचं मला आठवत नाही. पडण्यासारखं तिथे काही नाहीच.

हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी फार दुःखात होते. संध्याकाळी घरी आप्पा गुडघ्याला शेक घेत आरामखुर्चीत बसले होते आणि मी मागच्या दारी आईच्या शेजारी उभी राहून घडलं ते सांगत होते. आई बादलीत पॅन्ट भिजवत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, मग पॅन्ट पाण्यातून वर काढून उजेडात धरली आणि आत बघून विचारलं, "अहो, किती वेळा पडलात?"

"एकदाच," आतून आप्पा म्हणाले.

"मग डाग दोन कसे? एक पुसलेला आहे. त्याच्यावर दुसरा आहे."

आतून आरामखुर्ची कुरकुरली. आई माझ्याकडे वळली.

"पुसलास तू?"

"हो."

"कशाला पुसलास?" आई म्हणाली आणि डागाला साबण लावू लागली. "एवढा गुडघा दुखतो त्यांचा. उगाच दोनदा बसायला लावलंस."